फॅशनचे मासिक रद्दीतच का शोधावे लागते?

'बी.कॉम.ला आहेस ना? मग ही बायकांची मासिके कशाला चाळतोस?' हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला मित्रांनी विचारला, मामांनी विचारला आणि मुंबईच्या फुटपाथवरच्या एका पुस्तकविक्रेत्यानेही विचारला. मित्रांना मी सांगितले की प्रोजेक्ट आहे. मामांना सांगितले की वर्गातल्या एका मुलीने मागवले आहे, आणि त्यामुळे भलताच घोटाळा झाला. विक्रेत्याला काहीच सांगितले नाही. खरे उत्तर एकच होते आणि ते सांगायला मी लाजत होतो. माझी आई डिचोलीला लोकांचे कपडे शिवते आणि तिला एक मासिक हवे होते. ती लाज आज या पानांवर सोडून देतो. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी शिवणयंत्राचा आवाज ऐकतच आपली परीक्षेची जाग्रणे झाली असतील. त्यामुळे हा विषय थिल्लर आहे, असे निदान आपण तरी म्हणू नये.

थोडे घरचे सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. माझे वडील डिचोली तालुक्यात खनिजाच्या ट्रकवर होते. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पुढे त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभा राहिला, त्याच्या चाकांभोवती गवत वाढले आणि शेवटी तो विकावा लागला. या सर्व काळात घरातले एकच चाक फिरत राहिले, ते आईच्या मशीनचे. आईचे माहेर बेळगावातले वडगाव. घर विणकरांचे, भाषा कन्नड. मामांचे यंत्रमाग अजून चालू आहेत. मी शिकलो डिचोलीच्या मराठी शाळेत आणि सुट्टीत बोललो आजोळच्या कन्नडमध्ये. कॉलेजसाठी इथे मामांकडेच राहतो. थोडक्यात, एका घरी कापड विणले जाते, दुसऱ्या घरी ते कापले जाते, आणि मी दोन्ही घरांत हिशेब लिहितो!

आईची अडचण गेल्या पाच-सहा वर्षांतली आहे. पूर्वी गिऱ्हाईक यायचे, कापड ठेवायचे आणि म्हणायचे, 'मागच्यासारखाच शिव.' आता मये, पिळगावहून बुधवारच्या बाजाराला आलेली मुलगी मोबाईल पुढे धरते आणि म्हणते, 'म्हाका अशेंच जाय.' फोटोत कुणी नटी उभी असते. समोरून दिसते ते सगळे सुंदर असते. पण पाठ कशी आहे, मुंढा किती खोल घेतला आहे, कापड सरळ कापले आहे की उरेप, अस्तर कुठवर आहे, यातले काही फोटोत दिसत नाही. आई अंदाजाने कापते. नव्वद टक्के वेळा तो अंदाज बरोबर येतो. उरलेल्या दहा टक्क्यांत एकदा एका लग्नाचा अनारकली ड्रेस बिघडला, कापडाचे पैसे आईने स्वतः भरून दिले, आणि त्या महिन्याच्या माझ्या हिशेबाच्या वहीत प्रथमच तोटा आला.

त्या रात्री आईला आठवण झाली. लग्नाआधी बेळगावात ती शिवणाच्या वर्गाला जात असे. तिथल्या बाईंकडे एक परदेशी मासिक होते. त्याच्या मधोमध घडी घातलेला मोठा कागद असे. तो उघडला की रेघाच रेघा. आई म्हणाली, 'गावाच्या नकाशासारखा.' लाल रेघ एका ड्रेसची, निळी दुसऱ्याची, तुटक रेघ लहान मापाची. आपली रेघ शोधायची, पातळ कागदावर उतरवून घ्यायची आणि कापायचे. 'तसले मासिक आता मिळेल का रे?' असे तिने विचारले. आईने स्वतःसाठी काही मागितल्याचे मला त्याआधी आठवत नव्हते.

ते मासिक कोणते, हे शोधायला वेळ लागला नाही. जर्मनीतल्या ओफेनबुर्ग गावी एने बुर्डा नावाच्या बाईंनी १९५० साली ते सुरू केले. दुसऱ्या महायुद्धाच्या झळीतून देश नुकता बाहेर पडत होता. दुकानातले तयार कपडे घेण्याइतका पैसा सामान्य बायकांकडे नव्हता, पण शिवणयंत्र होते आणि हात होते. १९५२ पासून मासिकाबरोबर आराखड्याचे कागद येऊ लागले आणि ते जगभर गेले. १९८७ मध्ये ते रशियन भाषेत निघाले. सोव्हिएत रशियात छापून निघालेले ते पहिले पाश्चात्त्य मासिक मानले जाते. तोफा आणि क्षेपणास्त्रांवर ज्यांचे एकमत होत नव्हते, त्यांचे परकराच्या कापणीवर झाले, असे गमतीने म्हणता येईल.

आता शोध. डिचोलीत वर्तमानपत्राच्या दुकानात साप्ताहिके आणि दिवाळी अंक मिळतात. म्हापशात शुक्रवारच्या बाजारात हिंडलो, पणजीत दोन दुकानांत विचारले, बेळगावातही चौकशी केली. शिंप्यांसाठी ब्लाऊजच्या गळ्यांची चकचकीत पुस्तके सगळीकडे होती. त्यांत शंभर गळे असतात, पण एकही कसा कापावा हे नसते. शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत थिवी स्टेशनवरून गाडी पकडली आणि डोंबिवलीला आत्याकडे उतरलो.

मुंबई म्हणजे सर्व काही मिळण्याचे ठिकाण, अशी आपली समजूत असते. मी प्रथम एका मोठ्या, वातानुकूलित पुस्तकाच्या दुकानात गेलो. फॅशनची मासिके प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती. नमुन्यादाखल उघडे असलेले एक चाळले. सुरुवातीची कितीतरी पाने घड्याळे, अत्तरे आणि हिऱ्यांच्या जाहिरातींची होती. 'यात कपडे कसे शिवायचे ते असते का?' असे मी तिथल्या मुलाला विचारले. तो चांगला होता, हसला नाही. पण मी कुठल्या ग्रहावरून आलो, अशा नजरेने त्याने पाहिले खरे. जुन्या लोकांनी मला स्ट्रँड बुक स्टॉलला जायला सांगितले होते. १९४८ मध्ये सुरू झालेले फोर्टातले ते दुकान २०१८ मध्येच बंद झाले, हे त्यांना ठाऊक नव्हते. हुतात्मा चौकाजवळची फुटपाथवरची पुस्तकांची रांगही पूर्वीसारखी उरलेली नाही. २००५ मध्ये महापालिकेने तिथली बरीच दुकाने हटवली. जी आहेत तिथे परीक्षांची पुस्तके आणि इंग्रजी कादंबऱ्या अधिक.

आत्याने सुचवले, 'माटुंग्याला जाऊन बघ.' मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनवर उतरून चालत गेले की किंग्ज सर्कल, म्हणजे महेश्वरी उद्यान लागते. त्याच्या बाजूच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात. तिथे मला पहिला धडा मिळाला: मासिके कधी वर नसतात. वर असतात ती विकली जाणारी पुस्तके. मासिके खाली असतात, ढिगाऱ्याला आधार म्हणून! मी गुडघ्यावर बसून ढिगारे उपसू लागलो तेव्हा विक्रेत्याने तो सुरुवातीचा प्रश्न विचारला. एका तासाने हाती एक अंक लागला. तेच नाव, जर्मन भाषा, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा असावा. आनंदाने पैसे दिले, लोकलमध्ये बसलो, उघडून पाहिले, तर मधला आराखड्याचा कागद नाही! कुणीतरी आधीच काढून घेतला होता. शेंगा आणल्या आणि दाणे नाहीत, अशी गत झाली.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. या वेळी लाज बाजूला ठेवून विक्रेत्याला खरे काय ते सांगितले. तो गंभीर झाला. 'मां के लिए है तो पहले बोलना था,' म्हणाला आणि पलीकडच्या विक्रेत्याला हाक मारली. त्याच्याकडे दोरीने बांधलेला एक गठ्ठा होता. त्यात असे तीन अंक निघाले आणि दोघांत कागद शाबूत होते. दोन्ही मिळून दीडशे रुपयांना मिळाले. हे अंक येतात कुठून, असे मी विचारले. तो म्हणाला, मोठ्या इमारतींतून. एखादी वृद्ध बाई वारली, एखादे कुटुंब परदेशी गेले, एखादे ऑफिस रिकामे झाले, की रद्दीवाला गठ्ठा उचलतो आणि त्यातले छापील, चांगले ते इथे येते. बाकीचे लगद्यात जाते.

या उत्तरावर मी परतीच्या गाडीत बराच विचार केला, आणि माझे मत बनले ते असे. असामान्य मासिक मोठ्या शहरात मिळते, ते शहर ते विकते म्हणून नव्हे. शहर ते टाकून देते म्हणून. ते विकत घेणारी माणसे शहरात पूर्वी होती आणि त्यांची कपाटे आता रिकामी होत आहेत. डिचोलीत ते मिळत नाही, याचे कारण डिचोलीत ते वाचणारे नाहीत हे नव्हे. डिचोलीत ते कुणी कधी आणलेच नाही, मग टाकणार काय? रद्दीसुद्धा श्रीमंताच्याच घरची समृद्ध असते.

'असामान्य' हा शब्द मी वापरतो आहे, त्याचा अर्थ सांगायला हवा. आपल्याकडे फॅशनची इंग्रजी मासिके नवी नाहीत. 'फेमिना' १९५९ पासून निघते. 'एल'ची भारतीय आवृत्ती १९९६ मध्ये आली, 'व्होग'ची २००७ मध्ये. ही मासिके वाईट आहेत असे मी म्हणत नाही. उत्तम छायाचित्रण आणि छपाई पाहावी तर त्यांतच. पण त्यांचे मुख्य काम वाचकाला गिऱ्हाईक बनवणे हे आहे. अंकाच्या छापील किमतीवर असे मासिक उभे राहत नाही. ते जाहिरातीवर उभे राहते, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. ज्या मासिकाचा धनी जाहिरातदार, ते 'हे घ्या' असेच म्हणणार. 'हे घरी करा' असे ते कशाला म्हणेल?

याउलट काही मासिके वेगळ्या वाटेने गेली. एक प्रकार कृती शिकवणाऱ्यांचा, बुर्डा त्यातले. आपली मराठी स्त्री-मासिकेही एका अर्थी याच घराण्यातली. किर्लोस्करांनी १९३० साली 'स्त्री' सुरू केले, आणि पुढे कितीतरी मासिकांनी विचारप्रवर्तक लेखांच्या शेजारी विणकाम-भरतकामाचे नमुने छापले. दुसरा प्रकार रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढणाऱ्यांचा. लंडनचे 'आय-डी' १९८० मध्ये अक्षरशः स्टेपल मारलेल्या पानांचे निघाले. जपानमध्ये शोइची आओकी यांनी १९९७ ते २०१७ अशी वीस वर्षे 'फ्रूट्स' चालवले. त्यात टोकियोच्या हाराजुकू भागात फिरणारी आपल्याच वयाची मुले, त्यांनी स्वतः जोडून शिवलेल्या विचित्र कपड्यांत उभी असतात. तिसरा प्रकार वस्त्राकडे विद्या म्हणून पाहणाऱ्यांचा. १९४६ मध्ये मुल्कराज आनंद यांनी मुंबईत सुरू केलेले 'मार्ग' हे कलेचे नियतकालिक, पण भारतीय वस्त्रांवर त्यात पुष्कळ आले आहे. या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. ती वाचून माणूस दुकानाकडे धावत नाही, स्वतःच्या हातांकडे आणि आजूबाजूला पाहू लागतो.

आजूबाजूला पाहणे किती महत्त्वाचे, याचे उदाहरण आमच्या गोव्यातच आहे. वेंडेल रॉड्रिक्स हे मोठे फॅशन डिझायनर, राहायला बार्देशातल्या कोलवाळला. नदी ओलांडली की पेडणे तालुका. पॅरिस पाहून आलेल्या या माणसाने २०१० च्या सुमारास आपल्या कुणबी बायकांची लाल चौकड्यांची, खांद्यावर गाठ मारून नेसायची साडी फॅशनच्या मंचावर नेली. २०१२ मध्ये त्यांचा गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास सांगणारा 'मोदा गोवा' हा ग्रंथ आला. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२० च्या फेब्रुवारीत ते गेले. ज्या साडीला शाळेत असताना आम्ही फक्त स्नेहसंमेलनातल्या नाचापुरते ओळखत होतो, तिच्या चौकड्यांचा कुणीतरी अभ्यास केला होता. मी तो ग्रंथ पाहिला तेव्हा मला आनंदाबरोबर थोडी खंतही वाटली. आपल्या आजीचे लुगडे आपल्याला दुसऱ्याने दाखवून द्यावे लागते!

आता ज्यांना अशी मासिके शोधायची आहेत त्यांच्यासाठी माझ्या वर्षभराच्या भटकंतीतले चार शब्द. पहिले, फुटपाथ. मुंबईत माटुंगा आणि हुतात्मा चौक, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर, आणि आपल्या कन्नड विभागाच्या मित्रांना जवळचे म्हणजे बंगळूरच्या चर्च स्ट्रीटवरची जुन्या पुस्तकांची दुकाने. दिल्लीला कुणी गेले तर दर्यागंजचा रविवारचा फुटपाथ-बाजार २०१९ मध्ये तिथून हलून महिला हाटच्या आवारात गेला आहे, हे लक्षात ठेवावे. पावसाळ्यात जाऊ नये. सगळे ताडपत्रीखाली असते. सकाळी जावे, घाई करू नये, ढिगाऱ्याच्या तळापासून सुरुवात करावी आणि पैसे देण्यापूर्वी मधला कागद आहे की नाही ते पाहावे. हा शेवटचा सल्ला मी स्वतःच्या खर्चाने मिळवला आहे.

दुसरे, संस्थांची ग्रंथालये. निफ्ट ही सरकारी फॅशन-शिक्षणसंस्था १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. मुंबईची शाखा खारघरला आणि बंगळूरची एच.एस.आर. लेआउटमध्ये आहे. महर्षी कर्व्यांच्या एस.एन.डी.टी. विद्यापीठातही वस्त्रशास्त्राचा अभ्यास होतो. काळा घोड्याजवळचे मॅक्सम्युलर भवन जर्मन भाषेसाठी आणि न्यू मरीन लाइन्सचे आलियान्स फ्रान्सेज फ्रेंचसाठी प्रसिद्ध आहे. बाहेरच्या विद्यार्थ्याला कुठे बसून वाचू देतात आणि कुठे नाही, हे आधी फोन करून विचारावे, आणि प्राचार्यांचे पत्र खिशात ठेवावे. पत्राने दार उघडते. निदान दारावरचा माणूस तरी बसायला सांगतो.

तिसरे ठिकाण कुणाच्या लक्षात येत नाही: ब्यूटी पार्लर. तिथे गिऱ्हाइकांना वाट पाहायला लावायचे असते, म्हणून मासिके ठेवलेली असतात आणि वर्षानुवर्षे तशीच राहतात. अर्थात आम्हा मुलांना तिथे प्रवेश नाही. बहिणींनी ही कामगिरी करावी. चौथे, जवळचा रद्दीवाला. त्याला आधीच सांगून ठेवले तर तो किलोच्या भावापेक्षा थोडे जास्त घेऊन बाजूला काढून ठेवतो. वडगावच्या आमच्या रद्दीवाल्याने मला याच रीतीने जुन्या मराठी मासिकांचा एक गठ्ठा दिला आहे.

यावर माझे मित्र म्हणतात, 'अरे, हे सगळे फोनवर आहे. उगाच लोकलचे धक्के कशाला खाल्लेस?' हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. फोनने आईला मदतही केली आहे. मी आणलेल्या अंकावरून तिने पहिला ड्रेस कापला तो चक्क आखूड आणि घट्ट झाला. नशीब, कापड जुन्या चादरीचे होते. मग मी जर्मन मजकुराचा फोटो काढून फोनवर भाषांतर केले, तेव्हा कळले की त्या आराखड्यात शिवणीसाठी सोडायचे कापड धरलेलेच नसते. ते आपण चारी बाजूंनी वाढवायचे असते. फोन नसता तर आईने तो अंक रद्दीतच परत धाडला असता. आराखडे विकत घेऊन उतरवूनही घेता येतात, हेही खरे. आम्ही एक उतरवला होता. डिचोलीच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतला तेव्हा तीसेक लहान कागद निघाले. ते खळीने चिकटवताना एक ओळ सरकली आणि बाही अर्धा इंच वाकडी झाली.

पण माझा मुद्दा सोयीचा नाहीच. फोन आपल्याला तेच दाखवतो, जे आपण काल पाहिले होते किंवा जे सगळे पाहत आहेत. आईकडे येणाऱ्या दहा मुलींपैकी आठ जणी एकच फोटो घेऊन येतात! मासिकात पान उलटले की पुढे काय येईल ते आपल्या हातात नसते. न मागितलेले समोर येते. आईने त्या अंकात स्वयंपाकघरात बांधायचा एप्रन पाहिला. त्याचे दोन खिसे कापूनच घडवले होते, वरून जोडलेले नव्हते. तिने तो खिसा कुर्त्यावर बसवला. आता बुधवारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या दोन बायका तसाच खिसा मागतात, कारण त्यात मोबाईल आणि सुटे पैसे दोन्ही राहतात आणि वाकले तरी पडत नाहीत. हा खिसा शोधायला फोनवर काय लिहिणार होतो आपण? जे माहीतच नाही त्याचे नाव कसे लिहायचे?

आणि आमच्या शाखेच्या भाषेत बोलायचे तर, मालमत्तेवर घसारा धरतात. यंत्र जुने झाले, किंमत कमी झाली. फॅशनचे मासिक तर महिन्याभरातच शून्यावर येते, अशी समजूत. पण तीस वर्षांपूर्वीच्या अंकातला कागद आईच्या पाटावर आजही चालतो, कारण माणसाच्या खांद्याची ठेवण बदललेली नाही. साध्या ब्लाऊजला ती साडेतीनशे रुपये घेते. त्या कागदावरून कापलेल्या पहिल्या कुर्त्याचे तिला सहाशे मिळाले. चवथीच्या आधी तसे चार शिवले. दीडशे रुपयांच्या रद्दीवर घसारा कसा धरायचा, हे माझ्या अकौंटन्सीच्या पुस्तकात नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आणि पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे. म्हणजे वाचनालयांच्या बाबतीत आपण दरिद्री मुळीच नाही. पण शिवणाऱ्या बाईने आत येऊन कापणीचे मासिक मागावे, अशी सोय मला तालुक्याच्या वाचनालयात अजून दिसली नाही. स्पर्धा परीक्षांची मासिके आली, कारण ती मुलांच्या पोटाशी निगडित. संगणकाची आली, तीही त्याच कारणाने. मग जिच्या शिवणावर मुलांची फी भरली जाते, तिचे मासिक 'बायकी' म्हणून बाहेर का? आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने याची सुरुवात करावी. नव्या वर्गण्या भरायला पैसे नसतील, हे मी जाणतो. त्यांची गरजही नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत मोठ्या शहरात गेल्यावर रद्दीतून एक अंक आणावा: शिवणाचा, विणकामाचा, वस्त्रकलेचा, कुठल्याही भाषेतला. एका कपाटाचा एक कप्पा त्यासाठी मिळावा, आणि आठवड्यातून एक दिवस तो आमच्या आयांनाही उघडा असावा. आराखडा वाचायला मराठी लागत नाही, कन्नड लागत नाही, जर्मनही लागत नाही. आपल्या या द्वैभाषिक अंकाला याहून शोभणारा कप्पा कोणता असेल?

मामांचा घोटाळा सांगायचा राहिला. त्यांनी माझ्या पिशवीत तो अंक पाहिला, वरच्या गोऱ्या बाईचे चित्र पाहिले, 'एनप्पा इदु?' म्हणाले आणि थेट डिचोलीला फोन लावून आईला सांगितले की मुलगा बिघडत चालला आहे. आई पलीकडून कितीतरी वेळ हसत होती. मग तिने भावाला कन्नडमध्ये सगळे समजावले. मामा काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी चष्मा लावला, मधला कागद जमिनीवर पसरला आणि एका लाल रेघेवरून बोट फिरवत ती कुठे जाते ते बघत बसले. मग मला म्हणाले, 'याला कापड किती लागेल, ते विचार तुझ्या आईला. मी मागावर लावतो.'

कापड विणून तयार आहे. या दिवाळीच्या सुट्टीत चोर्ला घाटातून मीच ते डिचोलीला घेऊन जाणार आहे.